पालिकेचा पैसा आणि लोकांचा हिशोब

मंडळी, आपल्या गावचा कोणी ना कोणी परळ-लालबागला असतोच. त्याच्याकडे गेलात तर क्रॉफर्ड मार्केट पाहून या. आता त्याला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. ही दगडी इमारत 1869 साली पुरी झाली. पण जुने नाव ज्या साहेबाचे, त्याच्यावर मुंबईकर एकदा फार खवळले होते. ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

1865 साली मुंबईच्या पालिकेसाठी कायदा झाला. सगळा कारभार एका कमिशनरच्या हाती दिला. त्याच्यावर नजर ठेवायला सरकारने नेमलेली बडी मंडळी होती. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर. माणूस मोठा धडाडीचा. त्यांनी घाण उपसली, रस्ते केले, मंडई बांधली. शहर सुधारले, हे खोटे नाही. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. पट्टी वाढली, तरी तिजोरीत खडखडाट! 1871 साली पट्टी भरणारे लोक उठले. पैसा आमचा, मग हिशोब आम्हाला का नको?

त्याच वर्षी धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी सभागृहात फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टराने निबंध वाचला. त्याने साहेबाची बाजू घेतली. त्याचे म्हणणे असे, की दोष एकट्या साहेबाचा नाही. ज्यांनी लगाम धरायचा, ते लोकांनी निवडलेलेच नव्हते. सभेला हे रुचले नाही. आम्हाला मात्र पटते. चोख माणूस नेमला तरी वही तपासणारा हवाच.

1872 साली नवा कायदा आला. 64 सभासदांपैकी 32 पट्टी भरणाऱ्यांनी निवडायचे ठरले. गिरणीतल्या गड्याला मत नव्हते. पट्टीचा बोजा भाड्यातून त्याच्यावरही पडत होता, पण विचारतो कोण! सर्व प्रौढांना मत मिळून पालिकेची निवडणूक झाली, ती थेट 1948 साली.

मग मते मिळाली म्हणजे सगळे सुरळीत झाले का? तसेही नाही. मार्च 2023 मध्ये मुंबई पालिकेच्या सुमारे 12,000 कोटी रुपयांच्या कामांचा तपासणी अहवाल विधानसभेत आला. देशाच्या हिशोब तपासनिसांनी तो केला होता. त्यात 64 कामे अशी निघाली, की ठेकेदाराशी करारनामाच झालेला नाही. रक्कम 4,700 कोटींच्या वर! आपण गवंड्याला विहीर बांधायला देतो, तेव्हासुद्धा चार माणसांसमोर कागद करतो. कागद नसेल आणि उद्या कठडा ढासळला, तर धरायचे कोणाला?

असा कागद आता कोणालाही मागता येतो. 2005 साली माहिती अधिकाराचा कायदा झाला. पालिका असो की ग्रामपंचायत, साध्या कागदावर अर्ज लिहावा. कोणत्या कामाचा, कोणत्या सालचा कागद हवा, ते नेमके लिहावे. वर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. फक्त दाखला जोडावा. अर्ज दिल्याची पोच मात्र घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.