बेथलेहेमची नावनिशी आणि उसाचा फड

(आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी चिकलठाणा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चौथी मेणबत्ती आपण आत्ताच लावली. आगमन म्हणजे येणे. पण ज्यांच्यामध्ये आपण सेवा करतो, त्यांच्यातील कितीतरी कुटुंबे याच दिवसांत निघून गेलेली असतात. कन्नड, सोयगावच्या डोंगरपट्ट्यातील भिल्ल वस्त्या दिवाळीच्या सुमारास रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवराबायको दोघे मिळून एक 'कोयता' धरला जातो. उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या तळावर कोपीत संसार. आपण नाताळाचा खाऊ घेऊन वस्तीवर जातो, तेव्हा भेटतात म्हातारी माणसे, आणि पाकिटे उरतात.

म्हणून लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मी यंदा त्यांना डोळ्यांपुढे ठेवून वाचला.

तारा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. लूक जन्माची हकीकत सुरू करतो ती सरकारी हुकुमापासून. कैसर औगुस्ताने नावनिशीची आज्ञा काढली, आणि दिवस भरत आलेली मरीया योसेफाबरोबर नासरेथहून बेथलेहेमला निघाली. वाट शंभर किलोमीटरहून अधिक, म्हणजे आपण इथून अहिल्यानगरला जावे तेवढी. आपल्या संडे स्कूलच्या नाटकात तिला गाढव मिळते, आणि दार लावून घेणारा उतारशाळेचा मालकही असतो. तो भाग करायला मुलांमध्ये भांडणे होतात! पण लूकच्या वचनात गाढव नाही आणि मालकही नाही. जो मूळ ग्रीक शब्द आपण 'उतारशाळा' असा वाचतो, तोच त्याने प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेला त्याचा शब्द वेगळा आहे. तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत जागा उरली नव्हती आणि बाळ गुरांच्या गव्हाणीत ठेवले गेले, असाही अर्थ निघतो. मला तोच पटतो. कोणी हाकलून दिले नाही, फक्त जागा नव्हती. कोपीतल्या बाळंतपणातही शेजारची बाई आपली गोधडी आणून देतेच.

अडचण पुढे येते, आणि ती नावनिशीचीच असते.

आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. 1969 च्या कायद्याप्रमाणे 21 दिवसांच्या आत ती विनाशुल्क होते. बाळ दवाखान्यात जन्मले तर कळवण्याचे काम दवाखान्याचे. कोपीत जन्मले तर ते आईबापांनी त्या परक्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन कळवायचे. ओली बाळंतीण, बाप फडात, एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते. कोण जाणार? उन्हाळ्यात कुटुंब आपल्या गावी परतते. इथली ग्रामपंचायत म्हणते, जन्म इथला नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. एक माऊली मला म्हणाली, "भाऊ, पोरगी माझ्या मांडीवर आहे आन् साहेब म्हणतो पुरावा आण."

जन्मदाखला नाही म्हणून शाळेला मूल नाकारता येत नाही, हे खरे. पूर्वी गुरुजी सरळ 1 जून लिहून मोकळे होत. या सभेतही 1 जूनवाले काही जण असतील, हात वर करायला लावत नाही! प्रभूच्या जन्माची तारीख तरी शास्त्रात कुठे आहे? 25 डिसेंबर मंडळीने पुढे ठरवला. पण आता तसे भागणार नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांच्या जन्मतारखेला आणि जन्मस्थळाला शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरला जातो.

स्तोत्र 87 मध्ये परमेश्वर स्वतः वही घेऊन बसलेला दिसतो. राष्ट्रांची नोंद करताना अमक्याचा जन्म इथे झाला, असे तो लिहितो. आणि त्या यादीत मिसर व बाबेल यांचीही माणसे आहेत! आपल्या उपासनांमध्ये हे स्तोत्र क्वचितच वाचले जाते. यंदा नाताळाच्या दिवशी ते वाचावे, अशी माझी पाळकसाहेबांना विनंती आहे.

जानेवारीत आपण तळांवर जाणार आहोत. ब्लँकेट, खाऊ नेऊच. पण या वेळी प्रत्येक टोळीत विचारायचे आहे की हंगाम सुरू झाल्यापासून कोणाचे बाळंतपण झाले का, आणि 21 दिवस उलटले का. उलटले असतील तरी वर्षाच्या आत विलंब शुल्क व परवानगी घेऊन नोंद होते, म्हणून सोडून द्यायचे नाही. बापाला गाडीत घालून त्याच दिवशी त्या गावच्या ग्रामपंचायतीत न्यायचे, आणि बुडालेली मजुरी त्याच्या हातात ठेवायची. मला वाटते, आपल्या दानपेटीचा याहून चांगला उपयोग सध्या नाही. दाखला मिळाला की त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक आपल्याकडे ठेवू. पावसाळ्यात कागद भिजतात.

गाडीत अजून चार जणांची जागा आहे. एखादी नर्सबाई आली तर बाळंतिणींना आधार होईल. भिल्ली समजणारे कोणी असेल तर त्यांनी मला आजच भेटावे.