एका नावाची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करण्याची सवय नाही. पण गोष्ट आमच्या शेजारची आहे, म्हणून उभी राहिले.

शेजारच्या खालांची नात यंदा पहिलीत गेली. नाव जुबैदा, तिच्या पणजीचे. हल्ली आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे नाव कोणी ठेवल्याचे मी तरी ऐकले नाही. शाळेच्या दाखल्यात त्याचे ‘सुबेदा’ झाले आणि पोरांनी लगेच ‘सुभेदार’ केले! पोर रडत घरी आली. तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, “काकू, नाव बदलायचा अर्ज लिहून द्या. सोपे काहीतरी ठेवू.” मी कागदही काढला होता.

तेवढ्यात खाला आल्या. “आधी अर्थ तर ऐका, बाई,” म्हणाल्या.

अरबीत ‘जुब्दा’ म्हणजे लोणी, आणि जुबैदा म्हणजे लोण्याचा लहानसा गोळा. लाडाचेच नाव! बगदाद शहर वसवणारा खलिफा मन्सूर, त्याची नात अशी गोरी, गुबगुबीत होती. आजोबा तिला खेळवीत आणि या नावाने हाक मारीत. तिचे खरे नाव वेगळेच होते, ते मागे पडले. पुढे ती हारून अल रशीदची राणी झाली. अरबी सुरस गोष्टींतला हारून, तोच. मक्केच्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून कूफा ते मक्का या हजार किलोमीटरांहून लांब वाटेवर तिने विहिरी आणि कुंडे बांधविली. खुद्द मक्केत पाणी आणण्यासाठी कालवा काढविला. ती ८३१ साली वारली, पण त्या वाटेला अजून तिचेच नाव आहे. वैशाखात घागर घेऊन उभे राहणाऱ्या आपल्याला याची थोरवी वेगळी सांगायला नको. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा, त्याची नायिकाही जुबैदाच बरे का!

ऐकता ऐकता मला माझेच आठवले. आजीने माझे नाव धुरपता ठेवले होते. द्रौपदीचे आपल्या बोलीतले रूप. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरे नाव लिहिले. धुरपता गावंढळ वाटते, असे कोणीतरी म्हणाले. मला कोणी विचारले नाही, मीही तोंड उघडले नाही. आजी तिथेच बसली होती. काही बोलली नाही, नुसता पदर सारखा केला. ते मला अजून दिसते.

मग अर्ज लिहिला, पण दाखल्यातले अक्षर दुरुस्त करण्याचा. ते झाले. पोरे अजून सुभेदार म्हणतातच. ती मात्र कंबरेवर हात ठेवून, “मी लोण्याचा गोळा आहे,” असे सांगते, आणि पोरे मग त्यावरूनही चिडवतात. काय करावे!

जाता जाता एक विनंती. मंडळाच्या वहीत माझे सासरचे नाव आहे, ते राहू द्या. त्याच्यापुढे कंसात तेवढे धुरपता लिहावे.