राजोच्या घरातला रमजान

(रत्नागिरी येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय 'माध्यमे आणि सलोखा' असा भारदस्त आहे. मी त्यातला एक छोटा तुकडा घेतो आणि एका मालिकेबद्दल बोलतो. १९८८ च्या सुरुवातीला ती दूरदर्शनवर लागली, सहा भाग झाले आणि संपली. आजच्या मालिकांत सहा भागांत सुनेच्या हातातला चहाचा ट्रेसुद्धा टेबलापर्यंत पोचत नाही. मालिकेचं नाव 'तमस'. दिग्दर्शक गोविंद निहलानी, मूळ कादंबरी भीष्म साहनी यांची. तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. मी ती बघितली नोकरी लागल्यावर, लॅपटॉपवर, इयरफोन लावून.

कथा फाळणीच्या तोंडावरच्या पंजाबातली आहे, पण ती लिहायला भाग पाडलं आपल्या महाराष्ट्राने. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल पेटली, पाठोपाठ जळगावात. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मादन आयोगाने या दोन गावांबरोबर महाडचाही तपास केला. महाड म्हणजे आपल्या हायवेवरचं. भिवंडीही आपल्याला परकी नाही, कोकणी मुसलमानांची ती जुनी वस्ती. दंगलीनंतर भीष्म साहनी तिथे गेले. सोबत भाऊ बलराज साहनी आणि ख्वाजा अहमद अब्बास होते. जळलेली घरं, बंद पडलेले माग बघताना त्यांना आपलं रावळपिंडी आठवलं, आणि तिथून 'तमस' सुरू झाली. १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

मालिका सुरू झाल्यावर ती थांबवा म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या अर्जदाराचं नाव मुस्लिम होतं, सर्वोच्च न्यायालयात गेलेल्याचं हिंदू. तक्रार एकच: यामुळे दंगे होतील. एका न्यायमूर्तींनी स्थगिती दिली. अपील न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्यापुढे गेलं. लेंटिन म्हणजे तेच, ज्यांनी जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरॉल प्रकरणाची चौकशी केली. या दोघांनी अगदी साधी गोष्ट केली. ते बसले आणि अख्खी मालिका बघितली. जवळपास पाच तास. मग स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. निकालात नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली सांगितलेली कसोटी वापरली. अशा गोष्टीचा परिणाम मोजताना खंबीर, विचारी माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा, विरोधी मत दिसलं की तिथे धोका हुंगणारा माणूस नाही, असा तिचा आशय.

आता दोन क्लिपांबद्दल सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'तमस'ची एक क्लिप आली. चाळीसेक सेकंदांची. हरनाम सिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं जीव वाचवत पळतंय. गावात ज्या दारावर ते थाप मारतात ते मुसलमानाचं घर निघतं. राजो नावाची बाई दार उघडते. राजोचं काम सुरेखा सिक्रींनी केलंय आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हरनाम सिंग झालेत स्वतः भीष्म साहनी, बंतो दीना पाठक. राजो त्यांना आत घेते. क्लिप तिथे संपते. खाली लिहिलेलं, 'हा आहे आपला मुसलमान, सगळ्यांना पाठवा.'

त्याच आठवड्यात देवरूखकडच्या माझ्या एका कॉलेजमित्राने दुसरी क्लिप पाठवली. गुरुद्वारातल्या बायका विहिरीकडे निघाल्यात, पुढे जसबीर, म्हणजे आपल्या उत्तरा बावकर. एकामागून एक त्या विहिरीत उड्या टाकतात. खाली लिहिलेलं, 'हे विसरू नका.' त्याने वाईट हेतूने पाठवली नव्हती. त्याला कुठून तरी आली, त्याने पुढे ढकलली आणि मला विचारलं, हे खरंच असं झालं होतं का रे?

दोन्ही क्लिपा एकाच मालिकेतल्या. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून सांगतो, व्हिडिओ कापायला आता काही लागत नाही. फोनवर दोन टोकं धरायची आणि ओढायची. कुठून कापायचं हे मात्र माणूस ठरवतो.

आमच्या ग्रुपवरच्या लोकांना ती क्लिप का आवडली हे मला कळतं. पुण्यात भाड्याने घर शोधताना मी फोनवर नाव सांगितलं की पलीकडचा एजंट क्षणभर गप्प होतो. मग 'मालकांना विचारून कळवतो' म्हणतो, आणि तो फोन परत येत नाही. अशी पाच-सहा घरं झाली की माणसाला वाटतं, चांगुलपणाचा एक दाखला खिशात असावा. राजो हा तो दाखला.

पण राजोच्या घरात पुढे काय होतं? कादंबरीत ते सविस्तर आहे. आधी हरनाम सिंगला आपली बंदूक त्यांच्या हवाली करावी लागते. राजोही लगेच तयार होत नाही. घरातले पुरुष परतल्यावर कसे वागतील याची खात्री तिलाच नसते. ते निघायला लागतात तेव्हा मात्र आशेने आपलं दार ठोठावणाऱ्याला परत पाठवणं तिला जमत नाही. मग नवरा येतो, एहसान अली, आणि त्याच्याबरोबर लुटीची ट्रंक. ट्रंक हरनाम सिंगच्याच दुकानातली! तिचं कुलूप तोडायची खटपट चालते, तेव्हा हरनाम सिंग म्हणतो, ही घ्या किल्ली. त्याची आणि एहसान अलीची जुनी ओळख, देण्याघेण्याचा व्यवहार. एहसान अली ओशाळतो. ट्रंक काही परत करत नाही.

आणि मग मुलगा येतो, रमजान. काफिरांना घरात ठेवलंय म्हणून कुऱ्हाड उचलतो.

ग्रुपवर टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या मामांना मी एवढंच विचारलं, राजो आपली, तर रमजान कोणाचा? ते म्हणाले, तू नेहमी असंच वाकडं बोलतोस. प्रश्न वाकडा नाही. रमजान त्याच बाईच्या पोटचा. तिच्याच चुलीवरची भाकरी खाऊन तो सकाळी बाहेर पडला होता. आपल्या समाजातल्या द्वेषाची गोष्ट निघाली की आपण म्हणतो, ते बाहेरचे होते, भडकावलेले होते, आपले नव्हते. हिंदू मित्रही त्यांच्या रमजानांबद्दल हेच म्हणतात. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६५ साली 'इंधन' लिहीत होते तेव्हा त्यांनी ही पळवाट ठेवली नव्हती. कोकणातलं गाव, ओळखीचीच माणसं, आणि त्यांच्यातच ते विष.

रमजानबद्दल साहनींनी एक गोष्ट लिहिली आहे, ती मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवते. तो कुऱ्हाड उचलतो खरा, पण त्याच्याने घाव घालवत नाही. बाहेर जमावात राहून एखाद्या काफिराला मारणं वेगळं. आपल्या घरात आसऱ्याला आलेल्या, चेहऱ्याने ओळखीच्या म्हाताऱ्यावर हात टाकणं वेगळं. त्याचं मतपरिवर्तन झालेलं नाही. त्याचा द्वेष तेवढाच आहे. फक्त हात चालत नाही.

हे मी शिबिरात मुद्दाम सांगतोय. आपण सलोख्यासाठी भाषणं देतो, मी आत्ता देतोच आहे, पण भाषणाने रमजान बदलेल याची मला फारशी आशा नाही. त्याला अडवलं ते ओळखीने. आपल्याकडे मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा व्यवहार अजून दोन्ही समाजांत चालतो. हापूसच्या बागा एकमेकांना कराराने दिल्या जातात. उधारी असते, भांडणंही असतात. ते चांगलंय, भांडायला तरी नाव माहीत लागतं. माझ्या पिढीचं काय? आम्ही शिकलो, पुण्या-मुंबईला किंवा आखातात गेलो. आमची सोसायटी वेगळी, मुलांची शाळा वेगळी, ग्रुप वेगळे. माझ्या भाच्याला, वय वर्षे तेरा, एकही हिंदू मित्र नाही. त्याच्या वयाच्या कितीतरी हिंदू मुलांना मुसलमान माहीत आहे तो फक्त फोनमधला. ही मुलं उद्या कुऱ्हाड उचलतील असं मी म्हणत नाही. उचललीच, तर हात कशाने थांबेल, हे मला दिसत नाही.

राजो रात्री त्या दोघांना गावाबाहेर सोडायला जाते. त्यांची बंदूक परत देते. ट्रंकेत सापडलेले त्यांचेच दागिने बंतोच्या हातात ठेवते. आणि घरी परत जाते, त्याच घरी, नवरा आणि रमजान आहेत तिथे. सकाळी तिने त्या पोराशी काय बोलायचं, हे काम कुठल्याही क्लिपमध्ये येत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात, मित्रांत, ग्रुपमध्ये एखादा रमजान आहे, त्यांनी आज दुपारच्या चर्चेत त्याच्याबद्दल बोलावं. नाव न घेता, पण खरं बोलावं. दुसऱ्यांच्या रमजानबद्दल नको.

उद्या सकाळी नऊ वाजता याच हॉलमध्ये सहाही भाग सलग दाखवणार आहोत. मध्ये जेवणाची सुट्टी आहे. फोन बाहेर ठेवायचे.