काडतूस बसलं म्हणजे चाललं, असं नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, कॉम्प्युटरवर बोलू नकोस, त्यावर बोलणारे इथे दहाजण आहेत. म्हणून मी काडतुसांवर बोलते. वरणगावच्या पोरांना हा विषय परका नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील रोज फॅक्टरीत जायचे आणि तिथे काडतुसंच तयार व्हायची. माझे बाबा तपासणी खात्यात होते. गेज, लॉट नंबर, रिजेक्ट हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन.

मी सध्या फिनलंडमध्ये ताम्पेरे शहरात असते. तिथे गावोगावी नेमबाजीचे क्लब आहेत, आपल्याकडे तालमी असाव्यात तसे. मी शिकार करत नाही, हे समोर बसलेल्या आईसाठी मुद्दाम सांगते. मी फक्त कागदावर नेम धरते. माझ्या रायफलीच्या नळीला पुढे सप्रेसर लावलेला आहे. तिथे बंदुकीचा परवाना असणाऱ्याला तो सहज मिळतो. आपल्याकडे तो प्रतिबंधित वर्गात मोडतो, त्यामुळे कुणी ‘येताना एक घेऊन ये’ म्हणू नका.

सिनेमातला ‘फुस्स’ असा आवाज मात्र विसरा. हे साधन हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली पेटंट केलं. मशीनगन शोधणाऱ्या मॅक्सिमचा हा मुलगा. वडिलांच्या बंदुकांनी वडिलांचेच कान गेले आणि मुलाने आवाज कमी करायचं नळकांडं काढलं! आत पडद्यांची रांग असते. गोळीमागून येणारा तापलेला वायू त्यात अडखळत, थंड होत बाहेर पडतो. रायफलीचा उघडा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, तो वीस-तीस डेसिबलने उतरतो. म्हणजे तरीही कानांवर मफ हवेतच.

नळीच्या तोंडाला लावायची आणखीही साधनं असतात. त्यातला ब्रेक वायू बाजूला फेकतो. झाडणाऱ्याच्या खांद्याला आराम पडतो आणि शेजाऱ्याच्या कानांची वाट लागते. ती शेजारीण मी होते. मी मफ डोक्यावर चढवत होते तेवढ्यात पलीकडच्याने, मैदान सुरू झाल्याची सूचना होण्याआधीच, बार काढला. माझ्या डाव्या कानात तेव्हापासून रातकिडा बसलाय. आज डावीकडून बोलणाऱ्यांना मी दोनदा विचारलं, त्याचं कारण हे. मी ब्रेकऐवजी सप्रेसर घेतला तोही म्हणूनच.

आता मुद्दा. सप्रेसर आणला, आट्यांवर फिरवून बसवला, त्याचं भोक आपल्या गोळीच्या जाडीचं आहे हे पाहिलं, आपल्या काडतुसाच्या दाबासाठी आणि नळीच्या लांबीसाठी तो बनवलाय हे कंपनीच्या कागदावर वाचलं. बहुतेक लोक इथे थांबतात. मग दुकानात जाऊन त्याच मापाचं कुठलंही काडतूस उचलतात. चेंबरमध्ये ते बसतं. पण चेंबरमध्ये बसणं ही पहिली पायरी झाली. गोळीची शेवटची गाठ पडते ती पडद्यांशी, आणि त्यांची भोकं गोळीपेक्षा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोठी असतात. गोळी सरळ गेली तर ठीक. ती जरा जरी डुलली तरी पडद्याला घासते, आणि मग सप्रेसर फाटतो, तुकडे कुठेही जातात.

गोळी सरळ कशामुळे जाते? भोवऱ्यामुळे. नळीच्या आत पीळ असतात, ते गोळीला फिरवतात. समजा १२ इंचांत एक फेरा असा पीळ आहे आणि गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने निघाली, तर ती सेकंदाला सुमारे २,७०० वेळा फिरते. लांब भोवरा स्थिर ठेवायला जास्त पीळ लागतो. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७९ साली त्यासाठी सोपं सूत्र दिलं, ते आजही अंदाजाला पुरतं: गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि लांबीने भागा, सगळं इंचांत. माझ्या .३०८ च्या रायफलीसाठी १.१ इंच लांब गोळी धरली, तर उत्तर येतं १२.९. माझा १२ चा पीळ पुरतो. १.३५ इंचाची जड गोळी धरली, तर उत्तर येतं १०.५. माझा पीळ कमी पडतो. काडतूस तेच, चेंबर तेच, पेटीवरचं .३०८ तेच!

आणि ही जड, लांब गोळी नेमकी कुठे भेटते? ‘सप्रेसरसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सबसॉनिक काडतुसांत. वेग आवाजापेक्षा कमी ठेवायचा, म्हणून जोर वजनातून आणतात. पेटीवरच्या जाहिरातीपेक्षा मी आपल्या बाबांच्या गेजवर जास्त विश्वास ठेवते. दुसरा सापळा तांब्याच्या गोळ्यांचा. शिशाचं प्रदूषण टाळायला त्या वाढताहेत, चांगलंच आहे. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. वजन पाहून विकत घेणारा फसतो.

एनसीसीवाल्यांनी पॉइंट टू-टू चालवली असेल. तिची गंमत वेगळी. पेटीवर वेग ३२५ मीटर. उन्हाळ्यात २० अंशांना आवाज ३४३ मीटरने जातो, म्हणून गोळी त्याच्या मागे राहते आणि ‘कडाड्’ होत नाही. आमच्याकडे जानेवारीत उणे २० असतं, आवाज ३१९ वर येतो, आणि तीच सबसॉनिक गोळी त्याच्या पुढे जाते. सप्रेसर त्या कडाड्चं काही करू शकत नाही, तो गोळी हवेत काढते. थंडीत दारूही मंदावते, म्हणून वहीतलं गणित पुरत नाही, मैदानावर जाऊन ऐकावं लागतं. सर, प्रयोगशाळेत पाण्याच्या नळीत ट्यूनिंग फोर्क धरून तुम्ही आम्हाला आवाजाचा वेग काढायला लावला होता. त्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

सूत्र हा अंदाज. पुरावा कागदावर मिळतो. नवीन पेटी आली की मी सप्रेसर काढून ठेवते, उघड्या नळीने पाच गोळ्या झाडते आणि कागद उतरवून भोकं बघते. गोल भोक म्हणजे गोळी सरळ आली. लांबट, कुलपाच्या भोकासारखं दिसलं तर ती आडवी येतेय, पेटी परत. क्लबात काहीजण हसतात, वेळ जातो म्हणतात. वहीत मी लॉट नंबर, तापमान आणि भोकांचा आकार लिहिते.

गेल्या महिन्यात तांब्याच्या गोळ्यांची एक पेटी घेतली. पाच झाडल्या, पाचही भोकं गोल. मग सप्रेसर फिरवून घट्ट बसवला आणि सहावी झाडली.