चौकोनी रिंग

बांधकामावर सळया वाकवणाऱ्या कामगारांचं बोलणं कधी ऐकलं आहे? कॉलमच्या उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर लोखंडी चौकोन घालून तारेनं बांधतात. त्या चौकोनांना ते ‘रिंगा’ म्हणतात. चार स्वच्छ कोपरे, आणि तरीही रिंग. ही त्यांची चूक नाही. इंग्रजी शब्दाचा गाभा त्यांनी अचूक पकडला आहे.

मुष्टियुद्धाची रिंग बघा. पूर्वी दोघे लढत आणि बघे भोवती गोल करून उभे राहत. तो माणसांचा गोल म्हणजे रिंग. 1838 च्या लंडनच्या नियमांनी 24 फुटी चौरस आखला, भोवती दोर लावले. गोल गेला, नाव राहिलं. कारण वेढा राहिला. तसंच 1865 मध्ये रसायनशास्त्रज्ञ केकुलेनं बेंझिनची रचना मांडली. त्यातले कार्बनचे सहा अणू आपण षट्कोनात काढतो, तरी रसायनशास्त्रात ती रिंगच. साखळीचं शेवटचं टोक पहिल्याला जुळलं, एवढं पुरतं.

आपल्याकडे याला फार सुंदर जोड आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात तरडगावाजवळ चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. वारकरी दोन्ही बाजूंना रांगा धरून उभे राहतात आणि मधून अश्व धावतो. गोल रिंगणं त्यानंतर, पुढच्या मुक्कामांच्या वाटेवर. सरळ रेषेतल्या जागेला रिंगण म्हणताना एकाही वारकऱ्याला अडखळायला होत नाही. माणसांनी मधली जागा राखली, की झालं रिंगण. मात्र नाद सारखा म्हणून नातं जोडू नका. रिंगण हा शब्द इंग्रजीतून आलेला नाही.

उलट जिथे इंग्रजी ‘रिंग’ हा एकच शब्द लावते तिथे मराठी थांबून विचारते, कुठे? हाताच्या बोटात अंगठी, पायाच्या बोटात जोडवी, कानात बाळी, शनीभोवती कडी, झाडाच्या खोडात वलयं. भाषांतर करणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते, आणि ‘रिंग’ लिहून मोकळं होणं मला मान्य नाही.

राहिली फोनची रिंग. तिचा गोलाईशी काही संबंध नाही. प्राचीन इंग्रजीत कड्याचा शब्द ‘ह्रिंग’ आणि घंटा वाजण्याचं क्रियापद ‘ह्रिंगन’. दोन्हींचा ‘ह’ झडला आणि ते एकसारखे दिसू लागले. पुरावा आजही व्याकरणात आहे. वेढा घालण्याचं भूतकाळी रूप ‘रिंग्ड’, घंटा वाजण्याचं ‘रँग’.

इथे बसलेल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना अर्थांची यादी पाठ करायला देऊ नका. शब्दकोश उघडून या दोन स्वतंत्र नोंदी त्यांच्यासमोर ठेवा.