'बाईच्या जातीला हे असायचेच!'



अंगावरून पांढरे जाते, पाळीत कंबर धरते. उत्तर ठरलेले, 'बाईच्या जातीला हे असायचेच!' आम्हीही हेच ऐकत वाढलो. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: शंभरांत ९२ जणींना जननेंद्रियांचा एखादा तरी विकार, पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या आठ! बाकीच्यांतल्या कितीतरी मुकाट सोशीत होत्या. हा खेड्यांचा अडाणीपणा म्हणावा, तर आपल्या घरी काय चालते? मुलाला पडसे झाले की आपण डॉक्टर गाठतो. सूनबाईने पोट धरले की म्हणतो, 'ओवा खा, जरा पड.' किती महिने दुखते आहे, हे तिला आपल्यापैकी कोणी विचारले आहे?