मातीची गाडी आणि रानबदक

आजच्या भाषणाचा विषय नाटक-कादंबऱ्यांतील प्रतीकें हा आहे. विषयाचें नांव भारदस्त आहे. बोलणारा मात्र मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांना मराठी शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. तेव्हां साहित्यशास्त्राची मोठी चर्चा माझ्याकडून होईल अशी अपेक्षा आपण ठेवूं नये. वर्गांत एक चूक मीं पुष्कळ वर्षें केली. ती कशी ध्यानांत आली एवढेंच मला सांगावयाचें आहे.

शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ देवलांच्या मराठी रूपांतरामुळें आपल्या घरोघरीं परिचित आहे. त्यांतल्या सहाव्या अंकाचा आरंभ मी मुलांना गोष्टीरूपानें सांगत असें. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडत आहे. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं तो खेळला आणि त्या मुलानें ती परत नेली. रदनिका दासीनें त्याला मातीची गाडी करून दिली आहे, पण ती त्याला नको. वसंतसेना त्याला जवळ घेते. ही तुझी आई, असें दासी सांगते, तेव्हां मुलगा विचारतो कीं, आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे? या एका प्रश्नांत त्याच्या घरची सारी अवस्था आली. वसंतसेना रडत रडत अलंकार उतरवते व म्हणते, आतां मी तुझी आई झालें. मुलगा ते घेत नाहीं. कां, तर ती रडते आहे म्हणून. मग ती डोळे पुसते आणि मातीच्या गाडींत दागिने भरून देते.

एवढें सांगून झालें कीं मी फळ्यावर दोन ओळी लिहीत असें: मातीची गाडी म्हणजे दारिद्र्य, सोन्याची गाडी म्हणजे वैभव. मुलें त्या वहींत उतरून घेत आणि परीक्षेंत मला त्या जशाच्या तशा परत मिळत. एके वर्षीं मागच्या बांकावरच्या एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, मग तो मुलगा नंतर त्या मातीच्या गाडीशीं खेळला का?” वर्ग हंसला. हें परीक्षेंत येत नाहीं, असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें. त्याच्या अंगांतला सदरा थोरल्या भावाचा होता, हें मला माहीत होतें.

त्या रात्रीं मीं नाटक पुन्हा उघडलें. दहा अंकांच्या नाटकांत ही गाडी या एकाच प्रवेशांत दिसते, तरी नाटकाला नांव तिचेंच. माझ्या फळ्यावरच्या दोन ओळींसाठीं कवीनें तिला एवढा मान दिला नसता. तिच्यांत घातलेले दागिने पुढें काय करतात पाहा. ते परत करण्यासाठीं चारुदत्त मैत्रेयाजवळ देतो. वाटेंत मैत्रेयाला कळतें कीं चारुदत्ताला न्यायसभेंत बोलावलें आहे. तो तिकडे धांवतो, शकाराशीं त्याची झोंबाझोंबी होते आणि दागिने सर्वांच्या देखत जमिनीवर पडतात. दागिन्यांच्या लोभानें वसंतसेनेचा खून केला, या आरोपाला तोच पुरावा! चारुदत्ताला देहांताची शिक्षा होते. मुलाचे अश्रू पुसण्यासाठीं जें मायेनें दिलें, तेंच त्याच्या बापाला वधस्थानाकडे ओढून नेतें. त्याच सहाव्या अंकांत खऱ्या गाड्यांचीही अदलाबदल आहे: वसंतसेना चुकून शकाराच्या गाडींत बसते, आणि चारुदत्ताच्या गाडींत बंदिवासांतून पळालेला आर्यक चढतो. कवीची गाडी नुसती खूण म्हणून उभी नाहीं. ती चालते आणि तिच्यावर नाटक चालतें.

कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदयां’त विवेक आणि मोह हेच पात्रें होऊन बोलतात. त्या प्रकाराचा मान वेगळा. पण महामोहाला भूक लागली असेल असें तेथें प्रेक्षकाच्या मनांत येत नाहीं. उलट शकुंतलेची अंगठी घ्या. महाभारतांतल्या आख्यानांत ती नाहीं, कालिदासानें घातली. ती माशाच्या पोटांतून कोळ्याच्या हातीं येते आणि तो बिचारा राजाच्या शिपायांचा मार खातो. अंगठी हें स्मृतीचें प्रतीक खरें. परंतु तसें म्हणण्यापूर्वीं त्या कोळ्याच्या पाठीला विचारावें! गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आला, त्याला शंभरांहून अधिक वर्षें झालीं. तळीराम सुधाकराला देतो तो प्यालाही आधीं दारूचा आहे, अपमानानें पोळलेल्या माणसाच्या हातांतला. व्यसनाचें प्रतीक तो मागाहून होतो.

कादंबरींतलें उदाहरण हवें तर प्रेमचंदांच्या ‘गोदान’चें देतों. ती १९३६ सालीं प्रसिद्ध झाली. दारांत एक गाय असावी, एवढीच होरी या शेतकऱ्याची इच्छा. गाय येते, उधारीवर. आणि सख्खा भाऊच तिला विष घालतो. शेवटीं भर उन्हांत मजुरी करून होरी मरणाला टेकतो, तेव्हां लोक म्हणतात, गोदान करा. त्याची बायको धनिया, त्या दिवशीं सुतळी विकून मिळालेले वीस आणे आणते, नवऱ्याच्या थंड हातांत ठेवते आणि हेंच याचें गोदान असें दातादीनाला सांगते. गाय हें शेतकऱ्याच्या अब्रूचें प्रतीक, असें लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मीं पूर्ण गुण दिले असते. पण घशांत आवंढा येतो तो त्या वीस आण्यांनीं.

वस्तूला वस्तु राहूं न देणाऱ्या माणसाचें चित्र मला नॉर्वेच्या इब्सेनच्या एका नाटकांत सांपडलें, आणि तें पाहून मी दचकलों. १८८४ सालच्या त्या नाटकाचें नांवच ‘रानबदक’ असें आहे. यालमार नांवाच्या छायाचित्रकाराच्या घरीं माळ्यावर एक रानबदक पाळलें आहे. गोळी लागून तें पाण्याच्या तळाशीं गेलें होतें, तेथून कुत्र्यानें वर काढलें. चौदावें वर्ष पुरें होत आलेली हेडविग ही यालमारची मुलगी. बदक तिचें लाडकें. यालमारचा मित्र ग्रेगर्स हा सत्याचा मोठा भोक्ता. त्याला बदकांत लागलीच अर्थ दिसतो: यालमारही असाच जखमी होऊन तळच्या चिखलांत रुतला आहे, त्याला वर काढलें पाहिजे! तो घरांतलें जुनें गुपित उघड करतो. मुलगी आपली नसावी, या संशयानें यालमार तिला दूर लोटतो. तेव्हां ग्रेगर्स त्या पोरीला सुचवितो कीं, वडिलांवरील प्रेमाखातर आपलें आवडतें बदक बळी दे. ती पिस्तूल घेऊन माळ्यावर जाते. गोळीचा आवाज येतो. बदक मेलें असें बाहेरच्यांना वाटतें. बदक जिवंत असतें.

ग्रेगर्सनें बदकाचा अर्थ चुकीचा लावला असें मला वाटत नाहीं. लावलेल्या अर्थापुढें त्याला समोरची मुलगी दिसली नाहीं. तो शेवट वाचतांना मागच्या बांकावरचा सदरा माझ्या डोळ्यांपुढें आला. माझा अपराध त्या मानानें लहान असेल, पण जात तीच.

तो मुलगा पुढच्या वर्षीं शाळेंत आला नाहीं. त्यामुळें त्याच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहून गेलें; तें आज देतों. नाटककार याविषयीं कांहीं सांगत नाहीं. रोहसेन पुन्हा दिसतो तो दहाव्या अंकांत, बापाच्या ऐवजीं मला मारा म्हणून चांडाळांना विनवितांना. दागिने चारुदत्तानें परत पाठविले होते, म्हणजे सोन्याची गाडी झालीच नाहीं. घरांत होती ती रदनिकेच्या हातची, मातीची. मला वाटतें, तो तिच्याशीं खेळला असावा.